खालाचा डावा डोळा

बाबा, आज सकाळी खाला आली होती. आपल्या गल्लीतली, जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडायची ती. सोबत नात, तिचं नाक चोंदलेलं, कपाळ ठणकतंय. "साबची साबुदाण्यावानी गोळी असंन तं दे ना बेटी," म्हणाली, एका डोळ्याने माझ्याकडे बघत. मी दोघींना रिक्षात घातलं आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेलं. परत आल्यापासून तुमच्यावर इतकी चिडले आहे की चहासुद्धा धड प्यायला नाही. तुम्ही जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी हे तुम्हाला ऐकावं लागेल.

बीटी कपाशी आली त्या वर्षांत खामगावात कापूस मावत नव्हता. बायका दिवसभर रुईच्या धुरळ्यात बसायच्या, नाकावर फक्त पदर, आणि सगळ्यांची नाकं गळायची. तुम्हाला मात्र कारण सापडलं होतं: नवं बियाणं. धूळ नाही, बियाणं! टपालाने मिळवलेलं होमिओपॅथीचं सर्टिफिकेट भिंतीवर, आणि तुम्ही ओसरीवर बसून विचारताय, नाक आधी उजवं चोंदतं की डावं? शेंबूड तारेसारखा ओढला जातो का? स्वप्नं कसली पडतात? मालकाने ज्यांना कधी नाव विचारलं नाही त्यांना तुम्ही स्वप्नं विचारत होता. म्हणून तर त्या यायच्या. कांदा, हिंग, कापूर, कॉफी बंद, असं तुम्ही सांगितलंत तेव्हा खाला खो-खो हसली. "साब, कॉफी कोनं पाह्यली? अन् कांदा सोडला तं भाकर कायसंगं खाऊ?" तरी तिने कांदा सोडला.

तुमच्या गोळ्या सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी तिची डावी पापणी सुजली. "साब, डोया ठनकून राह्यला." आणि तुम्ही खूश झालात! "औषध लागू पडून राह्यलं. आधी वाढते, मंग उतरते. घाबरू नको." ताप चढला तरी तेच. तसं पुस्तकात लिहिलं होतं म्हणे. बरं वाटलं तर औषधाचा गुण, बिघडलं तरी औषधाचाच गुण. मग चूक झाली हे माणसाला कळायचं कधी? अकोल्याच्या सर्जनने सायनसमधला पू डोळ्यामागे उतरलाय असं सांगितलं, तेव्हा? डोळा राहिला, नजर गेली. तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत, आणि पुढच्या रविवारी पुन्हा औषधांची पेटी उघडून बसलात. खाला बरी होऊन आली ती सरळ तुमच्याच रांगेत. "साबनं कधी पैसा नाई घेतला. अल्लाची मर्जी." फुकट दिलंत म्हणून सुटलात. तिच्या त्या माफीचा मला तुमच्यापेक्षाही जास्त राग येतो.

मी कुणाला सोडत नसे हे तुम्हाला ठाऊक आहे. चूक दिसली की उभं राहून बोलायचं, हे कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी अंगात भिनवलं होतं. पुढे मी शिकवायला लागले तेव्हा हेडमास्तरसुद्धा माझ्या जिभेला भ्यायचे. आता लिहिते ते मात्र तुम्हाला माहीत नाही. पापणी सुजली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही आंघोळीला गेला होतात. खाला पायरीवर बसलेली, पापणी जांभळी झालेली. "बेटी, तू तं शिकेल हायेस. दवाखान्यात जाऊ का वं?" मला उत्तर माहीत होतं. न्हाणीतून तुमच्या तांब्याचा आवाज येत होता. मी म्हणाले, "बाबांना विचार." ती बसून राहिली.

तुम्हाला लिहिणं सोपं आहे. हे पत्र कुठे जायचं नाही. खाला तीन घरं सोडून राहते. आज रिक्षात ती मला खेटून बसली होती, तो डोळा माझ्या बाजूला. नात पलीकडे पेंगत होती. सांगायला तेवढा रस्ता पुरेसा होता. मी रिक्षावाल्याला म्हणाले, जरा हळू चालव, आणि बाहेर बघत बसले.