पोटफोड्या ष

प्रिय कानसेन,

अत्यंत जड अंतःकरणाने ही तक्रार गुदरत आहे. तुझा परवाचा मोबाइलवरचा निरोप मिळाला. ओळी दोन आणि खूनही दोन. ‘महिशी भंगारात देऊन टाक. विशय संपला.’ अरे, त्या बिचाऱ्या पोटफोड्या ‘ष’ने तुझं काय घोडं मारलं होतं? जन्मभर स्वतःचं पोट फाडून घेऊन तो भाषेत उभा आहे, कुणापुढे कधी हात पसरला नाही, आणि तू त्याला दोनदा हाकलून त्याच्या जागी शहामृगातल्या ‘श’ला बसवलंस. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर लाल शाईचा गोल काढून मी पुढे गेलो असतो; मुलांना संस्कृत शिकवताना इतकी वर्षं दुसरं काय केलं? पण तू?

शिवाय तुझी पंचाईत अशी, की तुला धड चुकताही येत नाही. ‘विशय’ हा शब्द खरोखरच आहे. जुन्या शास्त्रकारांची वाद घालायची रीतच होती: आधी विषय मांडायचा, त्यावर विशय, म्हणजे शंका, मग विरोधकाचं म्हणणं, मग त्याला उत्तर आणि शेवटी निर्णय. म्हणजे तू मला कळवलं आहेस की शंका संपली. तुझी संपली असेल. माझी तिथूनच सुरू झाली. तेव्हा हे पत्र आता रीतसर चालवतो. पायावर पाय टाकून बस, चष्मा लाव आणि माझ्या बहिणीला चहा टाकायला सांग. लहानपणापासून ती माझं ऐकत आलेली नाही. लग्न तुझ्याशी केलंय, तुझं तरी ऐकेल.

तर विषय, पोट फोडलेल्या ‘ष’सकट, महिषी. टेम्पोमागे बांधून तिला आपण ओढत आणली तेव्हा तुझ्या डोक्यावर केस होते आणि माझ्या डोक्यात अक्कल असल्याचा लोकांचा समज होता. काळी, रुंद, पाठीला किंचित पोक आलेली मोटार; मागच्या सीटवर कोंबड्यांनी संसार थाटलेला. तू म्हणालास, ‘राणी आहे, राणी!’ माझी बहीण म्हणाली, ‘म्हैस आहे.’ मी दोघांचाही मान राखला. संस्कृतात पट्टराणीलाही महिषी म्हणतात आणि म्हशीलाही. एवढा एक शब्द सोडला तर या गाडीच्या कामी माझं संस्कृत कधी उपयोगाला आलेलं नाही. मी आपला ‘पाना दे’ म्हटलं की पाना देणारा आणि ‘धर’ म्हटलं की धरणारा. रविवारामागून रविवार गेले. पत्रा झाला, ब्रेक झाले, सीटांना नवं कापड चढलं, इंजिन उतरलं, चढलं, पुन्हा उतरलं. गाडीने मात्र शेडचा उंबरठा अजून ओलांडलेला नाही. इतकी सोज्ज्वळ पट्टराणी कुठल्या अंतःपुरात नसेल.

पण तू ऐकायचास. शाळेत गुरुजी तोंडापुढे तळवा धरायला लावून श, ष, स म्हणवून घ्यायचे. आम्हा सगळ्यांचे तिन्ही म्हणजे एकाच टोपलीतले बटाटे. जीभ वळवून खरा ‘ष’ काढणारा आणि दुसऱ्याचा खोटा ‘ष’ पकडणारा तू एकटा. परीक्षेत संस्कृतातच नापास झालास, तो भाग वेगळा. पुढे पाणीपुरवठ्यात इंजिनिअर झालास आणि रस्त्याला लोखंडी कांब टेकवून, खाली पाइप कुठे फुटलाय ते नुसतं ऐकून सांगू लागलास. कानसेन हे नाव मी ठेवलं ते त्या दिवसांत. महिषीचं निदानही तू तसंच करायचास, तेही माझ्या भाषेत, मला चिडवायला. ‘आतून ट येतोय. मूर्धन्य आहे, झडपा ढिल्या आहेत. मागून फ येतोय, धुराची नळी फुटलीय. आणि हा बारीक स, ऐकतोयस ना पंडित? कुठूनतरी हवा ओढतेय.’ मी गंभीरपणे मान डोलवायचो. मला त्या इंजिनात गुरगुरीपलीकडे कधी काही ऐकू आलं नाही.

आता विरोधकाचं म्हणणं, म्हणजे तुझं. गेल्या आठवड्यात फोनवर म्हणालास, गुडघे गेले. कबूल. पण मोटार गुडघ्यांनी ऐकत नाहीत, आणि वाकायचं काम मी करीन. भाग मिळत नाहीत म्हणालास. ते मिळत होते कधी? आपला निम्मा वेळ ते स्वतः घडवण्यात गेला, आणि तोच बरा गेला. वय झालं म्हणालास. गाडीचं आपल्याहून जास्त झालंय आणि तिची काही तक्रार नाही. तरीही तुझा शब्द खाली पडू नये म्हणून काल भंगारवाल्याला बोलावलं. त्याने महिषीभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ घातली आणि म्हणाला, ‘काका, लोखंड चांगलंय.’ झालं! एवढ्या वर्षांच्या तपश्चर्येचं हे प्रशस्तिपत्र. तुझी वहिनी दारात उभी. शेड रिकामी झाली तर तिथे काय काय करायचं याचे मनसुबे ती लग्नापासून रचते आहे. मला वाटलं, आता हीच गाडीला मागून धक्का मारते की काय. तर त्यालाच म्हणाली, ‘आज नको. भावजी स्वतः येऊन सांगतील तेव्हा बघू. ते असं फोनवर सांगणाऱ्यातले नाहीत.’

मी मात्र तोवर मनातून गाडी देऊन टाकली होती, हे तुझ्यापासून लपवत नाही. मला वाटलं, तुला कंटाळा आलाय. आणि गाडीचा नव्हे, माझा. इतकी वर्षं एकाच माणसाचे तेच ते विनोद ऐकायचे, तेही हातात ग्रीस असताना कान झाकता येत नाहीत अशा अवस्थेत. कुणालाही येईल. पण वहिनीच्या त्या वाक्याने मला थांबवलं आणि मी तो शेवटचा रविवार पुन्हा पहिल्यापासून आठवत गेलो.

आठव. इतक्या खटपटीनंतर महिषी पहिल्यांदा सलग धडधडली. एरवी तू शेडच्या दारातूनच निकाल द्यायचास. त्या दिवशी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवून, डोळे मिटून उभा राहिलास. मग हसलास आणि म्हणालास, ‘स्वच्छ! एकही ऊष्म नाही.’ म्हणजे श नाही, ष नाही, स नाही. हवा कुठून गळत नाही. तेवढ्यात तुझी वहिनी ओल्या हातांनी धावत आली. ‘अहो, गॅस कुठे सुटलाय? केव्हाची फुसफुस ऐकतेय मी!’ स्वयंपाकघर कुठे, शेड कुठे! आणि खरंच, जन्मात पहिल्यांदा मलाही ऐकू येत होतं. ‘स्‌स्‌स्‌’ असा लांबलचक, न संपणारा. तू तिला विचारलंस, ‘काय म्हणालात?’ मग इंजिन चढउतार करायला लागलं, तू कार्बुरेटरचा स्क्रू इकडे पिळलास, तिकडे पिळलास, आणि ते बंद पडलं. तू एकेक बोट फडक्याने सावकाश पुसलंस, गुडघा दुखतोय म्हणालास आणि चहा न घेता गेलास. तू, आणि चहा न घेता! मला तिथेच कळायला हवं होतं.

उरलेला उलगडा काल संध्याकाळी माझ्या बहिणीने केला, तोही रागाच्या भरात, नकळत. फोनवर म्हणाली, ‘दादा, तुझ्या मित्राला सांग, घरात बोलायचं नसेल तर तसं सांगा. मी काहीही म्हटलं तरी ह्यांचं आपलं हो-हो. सकाळी सांगितलं, शेजारी बाळ झालं. तर म्हणतात, जाळं झालं तर झाडू मार!’ मी खोखो हसलो. ती हसली नाही. मग मीही थांबलो. तिला वाटतंय तू कानाडोळा करतोस. नवरा ऐकून न ऐकल्यासारखं करतो, हा जगातल्या तमाम बायकांचा जुना आरोप. त्याच्या आड तुझं दुखणं किती ऐसपैस लपलं बघ! आज कानाच्या डॉक्टरीणबाईंना विचारून आलो. पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसातल्या त्या धुडांशेजारी तू उमेदीची वर्षं घालवलीस म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, आधी बारीक आवाज जातात, सळसळ, फुसफुस, स आणि श. जाड आवाज राहतात. म्हणजे धडधड तुला पोचते आणि ऊष्म तेवढे वाटेतच राहतात. शाळेत ज्यांच्यावर तुझी मक्तेदारी होती, तेच तिघे.

त्याआधी सकाळी मी एक आगाऊपणा केला होता. बुटांच्या खोक्यात असतो तसल्या पातळ कागदाची पट्टी कापली आणि इंजिन चालू करून एकेका सांध्याजवळून फिरवत नेली. कार्बुरेटरखालच्या सांध्यापाशी ती सुळकन ओढली गेली आणि तिथेच चिकटून बसली. सापडला ‘स’! आणि सापडायला कान लागले नाहीत, डोळे पुरले. पुढे तो सांधा उघडून मी जे काही करून ठेवलंय ते लिहिण्याची हिंमत नाही. एवढंच सांगतो, की पुन्हा जोडल्यावर दोन बोल्ट उरले. नव्हता तो वर्ण मध्येच उपटला तर व्याकरणात त्याला आगम म्हणतात. गाडीत याला काय म्हणतात ते तू मला मागेच, शुद्ध प्राकृतात, सांगितलेलं आहेस. आणि फुसफुस आता दोन ठिकाणांहून येते.

तेव्हा उत्तर असं: ‘स’ मला ऐकू येतो, पण तो का येतो, त्याचं काय करायचं, हे तुझ्याशिवाय या शेडमध्ये कुणाला कळत नाही. अक्षर मी वाचीन, अर्थ तू लाव. एका वर्णाच्या जागी दुसरा येऊन त्याचं काम चालवतो, त्याला वैयाकरण आदेश म्हणतात. तुझ्या कानांच्या जागी माझे. हा आदेश आहे, दोन्ही अर्थांनी. महिषीला परक्या गाडीचा कार्बुरेटर बसवताना तुला संकोच वाटला नाही, मग स्वतःच्या कानात वाटाण्याएवढं यंत्र बसवायला कसला? चष्मा लागला तेव्हा तर घरोघर दाखवत फिरलास. डॉक्टरीणबाईंकडे शनिवारी सकाळची वेळ घेतली आहे. न्यायला मी येतो. आणि भंगारवाल्याला कळवलंय: लोखंड चांगलं आहे, म्हणूनच देत नाही. हा निर्णय. गाडी तुझीमाझी आहे. तुझ्या एकट्याच्या दोन ओळींनी ती विकली जात नाही.

हे सगळं फोनवर का नाही सांगितलं? दुपारी दोनदा प्रयत्न केला. मी विचारत होतो, शनिवारी सकाळी येऊ की संध्याकाळी, आणि तू दोन्ही वेळा म्हणालास, ‘हो, हो, बघू.’ म्हणून हा कागद. गेल्या आठवड्यात बाजाराच्या गल्लीत मी तुझ्या मागे होतो. हाक मारली, तू वळला नाहीस. मला वाटलं, रुसलायस. मग एक सायकलवाला घंटी वाजवत आला. सगळी गल्ली बाजूला झाली, तू मधोमध चालत राहिलास. त्याचं हँडल तुझ्या कोपराला घासून गेलं आणि जाता जाता तो ओरडला, ‘बहिरा आहेस काय रे?’ तुला तेही ऐकू आलं नाही. मला आलं. ती सायकल होती. पुढच्या वेळी ट्रक असेल, ही एक भीती. दुसरी त्याहून मोठी आहे. आज गाडी, उद्या फोन, मग चार माणसांत बसणं. जे जे ऐकू येणार नाही ते ते तू ‘विशय संपला’ म्हणून बंद करत जाशील, आणि आम्ही समजू, वयानुसार अबोल झालाय. तू असा आतल्या आत एकटा पडशील आणि मी हाकेच्या अंतरावर असूनही मला कळणार नाही, याची मला भीती वाटते.

तुझाच,
पंडित