रोझाच्या नाचाआधीचे नारळ

शनिवार, सप्टेंबर १९९२, वॉटफर्ड, इंग्लंड

डोकं फिरलंय नुसतं. माझ्या वॉर्डमधली नर्स रोझा चिलीची. तिकडच्या दवाखान्याला मदत म्हणून तिच्या लोकांनी नाच-गाण्यांचा कार्यक्रम ठेवला. आमच्या मराठी मंडळाने हॉल दिला, तोही माझ्याच शब्दावर. आणि आमचे हे मंडळाचे अध्यक्ष! मग काय, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सात जणांना शाल आणि नारळ. नारळ कशाला, मी म्हणते? पोरी झगे सावरत तासभर ताटकळल्या. रोझाने मांडीवरचा नारळ दाखवत हळूच विचारलं, “याचं आता काय करायचं?” दोनच नाच झाले, तोवर हॉल बंद करायला केअरटेकर किल्ल्या वाजवत आला.

गाडीत हे म्हणतात, “झकास झालं. नाच तेवढे जरा आटोपते घ्यायला हवे होते.”