घराचा पहिला फोटो

३ ऑक्टोबर, गुरुवार
घराचे फोटो काढले. एकतीस. मोबाईलवरच. दलाल साहूनं सांगतलं होतं तसं, दिवसाच्या उजेडात, मोबाईल आडवा धरून. घर विकायच्या साइटवर दहा टाकता येतात, पण लोक पाहतात तो पहिलाच. "पहला फोटो ही सब कुछ है अंकल जी, उसी पे उँगली रुकती है."
शोभा म्हणे, त्यात इचार काय करता, समोरचा टाका, फाटकातून. समोरचाच टाकला. दारावर सिमेंटात कोरलेलं 'पंचशील', वर निळा झेंडा, बाजूले जास्वंद.
डॉक्टरांचं बोलणं इथं लिहून ठेवतो, विसरलो असं व्हायले नको. "इनको इस हवा में मत रखिए. ठंड से पहले निकल जाइए." म्हणजे रायपूरच्या ह्या भनपुरीची हवा. एका बाजूले कारखाने, दुसऱ्या बाजूले ट्रकांचा रस्ता. थंडीत धूर वर जात नाही, घरादारावर बसते. शोभाचं फुफ्फुस कडक होत चाललं. झालं तेवढं परत नरम होत नाही म्हणे.
बोटाले लावायचं, ऑक्सिजन मोजायचं यंत्र, सकाळी: ९०.

७ ऑक्टोबर
चार फोन. तिघांचं सारखंच. रोड केवढा, बोअर आहे काय, कागद साफ आहेत काय. मग "आपका पूरा नाम?" मेश्राम म्हटलं की "अच्छा अच्छा, घर में पूछ के बताता हूँ." चौथ्यानं नावही विचारलं नाही. म्हणे, "फोटो में दरवाजे के ऊपर जो लिखा है, वो..." तिथंच फोन ठेवला.
शोभा विचारून राहिली, काय म्हणतात लोक? पाहून सांगतो म्हणतात, म्हटलं.

९ ऑक्टोबर
साहू आला. पोट्टा चांगला आहे. आपल्या घरी चहा घेते, परवा शोभाच्या हातचा वडाभात खाऊन गेला. आज मात्र कप हातात धरून बसला. "अंकल जी, बुरा मत मानिएगा. मैं नहीं मानता ये सब. ग्राहक मानता है. पहला फोटो किचन का डाल दीजिए. नाम वाला नीचे."
मले राग यायले पाहिजे होता. आला नाही. थंडीले किती दिवस राह्यले, तेच मोजत होतो.
ते नाव कोरलं तेव्हा मिस्त्रीले तीनदा पुसायले लावलं होतं, 'प'ची दांडी सरळ येईपर्यंत. रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होतो, वाकडं चालत नव्हतं.
पहिला फोटो आता स्वयंपाकघराचा. ओटा, खिडकी, स्टीलचे डबे. शोभाले सांगतलं नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार
धम्मचक्र दिन. शोभा विहारात जाऊ शकली नाही, तिथं चौदा पायऱ्या. पांढरी साडी नेसून घरीच बसली, मेणबत्ती लावली, वंदना अर्धी म्हटली. अर्धी मी.
मग मोबाईल मागतला. पोट्टीले, पल्लवीले दाखवायचं होतं म्हणे, घर साइटवर कसं दिसते ते.
"अजी, दारावरचं नाव कुठं गेलं?"
"आहे न, खाली."
"कितवा?"
"सातवा."
तिनं मोबाईल माझ्या हातात दिला. मेणबत्तीकडे तोंड करून बसली. आजच्याच दिवशी.

१७ ऑक्टोबर
स्वयंपाकघरावर कोणाचं बोट थांबून नाही राह्यलं. आठ दिवसांत एक फोन, तोही किरायानं देता काय म्हणून. साहू म्हणते, किचन सगळ्यांचं सारखंच, बाहेरचाच पाहिजे. पण नाव दिसणार नाही असा, एका बाजूनं. अन् भिंत... "भिंत थोड़ी काली आ रही है अंकल जी."
काळीच आहे. दोन वर्षांपूर्वी पांढरा मारला होता. बोट फिरवलं की बोट काळं.
यंत्र: ८९.

२० ऑक्टोबर, रविवार
सकाळी सहापासून भिंत धुतली. शिडी, पाइप, नारळाच्या काथ्याचा ब्रश. नालीत शाईसारखं पाणी. शोभा खिडकीतून ओरडत होती, उतरा, पडाल. ओरडली की खोकला, म्हणून मीच म्हटलं, तू आत जा.
दहा वाजता सुकली. जास्वंदाच्या बाजूनं उभा राह्यलो, नाव बरोबर कापलं जाईल असं. लख्ख ऊन, पांढरी भिंत. फोटो इतका चांगला आला की मीच असं घर घेतलं असतं.
पहिल्या नंबरावर टाकला.
चार वाजता भिंतीवर हात लावून पाह्यला. लिहीत नाही.

२३ ऑक्टोबर
तीन दिवसांत अकरा फोन. नाव विचारायच्या आधीच लोक "कब देख सकते हैं" म्हणून राहिले. दोघं रविवारी येतात.
संध्याकाळी साहूचा फोन. आधी इकडचं तिकडचं बोलला, मग आवाज खाली करून, "अंकल जी, आंटी को उस टाइम थोड़ा... बाजू में कहीं बिठा दीजिए. खाँसी सुन के लोग घबरा जाते हैं. और वो ऑक्सीजन वाली मशीन भी."
मी हव म्हटलं. कसं म्हटलं माहीत नाही.
शोभाले अर्धंच सांगतलं. तिनंच पुरं केलं. "चंद्राकरबाईकडे जाऊन बसते मी. दोन तर घरं सोडून."
नाव लपवलं. धूळ धुतली. आता बायको.

२७ ऑक्टोबर, रविवार
मशीन कपाटात, वर चादर. शोभा साडेनऊलाच गेली. दोन घरांचं अंतर, अकरा मिनिटं. कंपाउंडची भिंत धरून, थांबत थांबत. मी सोबत जातो म्हटलं तर नाही म्हणाली, लोक येतील, तुम्ही दारात राहा.
पहिले आले त्यांना गोदाम पाहिजे. उभ्याउभ्या टेपानं मापलं. "तोड़ना तो पड़ेगा ही." दुसरे आलेच नाहीत.
शोभा परत आली तेव्हा ओठ निळे. मशीन काढायले गेलो तं कपाटाची किल्ली सापडेना. तीन मिनिटं असतील. मी काय करून राहिलो हे?

४ नोव्हेंबर
दिवाळी गेली. फटाक्याच्या चार दिवसांत शोभा खोलीबाहेर आली नाही. दाराच्या फटीत ओली फडकी कोंबली होती.
यंत्र: ८७.
पल्लवीचा वर्ध्याहून फोन. माझी पोट्टी मराठी समजते, बोलते हिंदीच. "पापा, मम्मी को अभी भेज दो. घर बिकता रहेगा." तिची तिकडं दीड खोली, त्यात सासूबाई. एक खाट कशीबशी मावेल, दोन नाही. अन् घर कुलूप लावून सोडायचं म्हणजे... मागच्या गल्लीतलं बंद घर पाह्यलं न, नळ गेले, वायरी गेल्या, शेवटी दारंही गेली.
तरी मी हात जोडून म्हटलं, तू आधी जा. शोभाचं एकच, "एकटी जाणार नाही. घर विकू, दोघं जाऊ."

१० नोव्हेंबर, रविवार
नीट लिहितो.
सकाळी पुन्हा भिंत धुतली. शोभा चंद्राकरबाईकडे. दहाला एक जोडपं आलं, तिशीच्या आतलं. तो शहरात ऑफिसात, ती अभनपुरची. कडेवर आठ महिन्यांची मुलगी. माझं पूर्ण नाव आधीच विचारून बसले होते, तरी आले. दारावरचं 'पंचशील' वाचून पोरगी म्हणे, "कितना अच्छा नाम है." मी दार पुरं उघडलं.
सगळं आवडलं. बाळाचा झुला कुठं बांधायचा तेही ठरवलं त्यांनी. मंगळवारी कागद पाहू, पक्कं करू म्हणाले. साहू माझ्याकडे पाहून हसला. मी मनात गाडीची तिकिटं काढून राहिलो होतो. शोभा खिडकीजवळ, मी बाजूले.
तेवढ्यात शोभा आली. वेळेच्या आधी. दाराची चौकट धरून उभी, श्वास लागलेला. तिनं बाळाले पाह्यलं. मग त्या पोरीले तिच्याच छत्तीसगढीत विचारलं, "के महीना के हे?"
"आठ."
शोभा खाली बसली. पोरीचा हात धरला. "नोनी, घर बने हे. हवा बने नइ हे. लइका ला इहाँ झन ला. मोला देख."
घर चांगलं आहे, हवा नाही, लेकराले इथं आणू नको म्हणे, मले पाहा. बाकी काही सांगायची गरजच नव्हती. मग ती खोकलली, अन् खोकतच राहिली. मी कपाटाकडे धावलो.
ती पोरगी रडून राहिली होती. जाताना शोभाच्या पाया पडली. तिचा नवरा माझ्याकडे पाहत नव्हता. साहूही नाही.
गेल्यावर मी ओरडलो. अडतीस वर्षांत असा ओरडलो नव्हतो. "तुले इथंच मरायचं आहे काय?"
नाकात नळी, तरी बोलली. "मले जगायचं आहे. म्हणून ते लेकरू इथं आणायचं काय?"
मी वर गच्चीवर जाऊन बसलो. जिथं बसलो तिथं काळं. उठलो तं पँटवरही.

११ नोव्हेंबर
ताटं वेगवेगळी. भात तिनं लावला, वरण मी.

१३ नोव्हेंबर
साहूचा फोन. चिडला नव्हता, थकला होता. "अंकल जी, ऐसे तो नहीं बिकेगा." म्हटलं, माहीत आहे बाबा.
खरं लिहू? त्या पोरीले मी सांगणार होतो काय? नव्हतो. बाळ माझ्यासमोर होतं, कडेवर, माझ्या भिंतीवर थापा मारून राहिलं होतं. मी झुल्याची जागा दाखवली. हूक तिथंच आहे म्हटलं, पल्लवीचा झुला तिथंच होता.

१५ नोव्हेंबर
थंडी आली. सकाळी समोरचं झाड दिसत नाही. धुकं नाही ते.
यंत्र: ८५.
डॉक्टरांकडे नेलं. ते फक्त म्हणाले, "अभी तक यहीं हैं?"

१८ नोव्हेंबर
आज शोभानंच विषय काढला. मोबाईल घेऊन माझ्याजवळ बसली.
"पहिला फोटो बदला. समोरचा टाका."
"धुवून काढतो उद्या."
"धुवू नका. आहे तसा. नावासकट."
"मग कोण येईल, शोभा?"
"जो येईल तो पाहून येईल." मग जरा थांबून, "अन् मी जाते पल्लवीकडे. तुम्ही म्हणता तशी, एकटी. तुम्ही या मागून."
एवढे दिवस हेच तर मागत होतो तिले. हाता-पाया पडलो होतो. आज हो म्हणाली तं नको म्हणावंसं वाटलं. घर कधी विकलं जाईल? मागून म्हणजे कधी? विचारलं नाही.
दुपारी फाटकात उभा राहून समोरचा फोटो काढला. राखाडी भिंत, जास्वंदाची पानं काळी, वर नाव. 'अपलोड' दाबायच्या आधी दोनदा बोट मागं घेतलं. मग दाबलं.

२१ नोव्हेंबर
साहू: "अंकल जी, ये कौन सा फोटो डाल दिए?"
म्हटलं, घराचा.
तीन दिवसांत फोन शून्य.

२४ नोव्हेंबर, रविवार
पल्लवी घ्यायले आली होती. रायपूर स्टेशनावर जुन्या ओळखीतून व्हीलचेअर मिळाली, फलाटापर्यंत लोटत नेली. शोभा सांगत होती, तुरीची डाळ वरच्या डब्यात, सुंठ संपली, कुकरची शिटी ढिली आहे. मी हव, हव म्हणत होतो. गाडी आली तेव्हा माझा सदरा धरला तिनं, गुंडीजवळ, अन् सोडेना. पल्लवी म्हणे, "मम्मी, चढो ना." चढवलं.
खिडकीची काच जाड, आतलं ऐकू येत नव्हतं. ती काहीतरी बोलून राहिली होती. मी मान हलवली. काय म्हणाली असेल?
मशीनच्या जागी फरशीवर चौकोन उरला, बाकी फरशीपेक्षा पांढरा.

२८ नोव्हेंबर
पल्लवीचा फोन. आज सकाळी वर्ध्यात: ९१.
चार दिवसांत.
भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलं, ९१. मग खाली बसलो. आनंद होता की काय होतं, पण बसलो. इतके दिवस तिले इथं ठेवली मी. घर विकायचं म्हणून.
शोभा फोनवर: "जेवले काय? कधी येता?"
म्हटलं, येतो.

१ डिसेंबर, रविवार
आता माझंही खोकणं सुरू झालं. थंडीचं असेल.
सकाळी फोन. नवीन नंबर. आवाज साधा, जरा लाजरा. कारखान्यात क्रेन चालवते म्हणे, इकडंच, किरायाच्या खोलीत राहते.
"साहब, फोटो देखा. सामने वाला. नाम पढ़ा तो सोचा फोन कर लूँ. हम भी जय भीम वाले हैं, गोंदिया के." मग मराठीत आला, "घर काहून विकून राहिले जी?"
आतापर्यंत सगळ्यांना एकच सांगत होतो, मुलीकडं जायचं आहे.
म्हटलं, या, बसून बोलू. घरात लेकरं आहेत काय तुमच्या?
"एक पोट्टी आहे. सहा वर्षांची. तिच्यासाठीच तं घर पाहून राहिलो, खोलीत तिले खेळायले जागा नाही." मागून पोरीचा आवाज येत होता, कशाले तरी हसत होती. "कधी येऊ?"
पुढच्या रविवारी, दहाले, म्हटलं.
तो सगळ्यांना घेऊन येतो म्हणे.
शोभा या वेळी इथं नाही. हवेचं सांगायचं तं मलेच सांगा लागेल.