आटलेला स्वेटर

मंगळवार, १२ मार्च

प्रिय ठमे,

तुला आणि जावईबापूंना आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण बाबांपेक्षा कमी. मोरीचा नळ एकदाचा दुरुस्त झाला. लोहाच्या गोळ्या तू वेळेवर घेत असशील असं धरून चालते. घेत नसशील तर कळवू नकोस, उगाच माझा रक्तदाब वाढेल.

फोन केला नाही, कारण फोनवर तू रडतेस आणि तू रडलीस की मी ओरडते.

बाळाच्या स्वेटरबद्दल लिहायचं होतं. तुझा निरोप बाबांनी वाचून दाखवला : ‘बाळंतपणाला येणार नाही म्हणालीस, ते गिळलं. आता हा बाहुलीचा स्वेटर कशाला? टोमणा म्हणून?’ टोमणा नाही गं. लोकर वाईट निघाली, धुताना आटली. मी तो कपाटामागे टाकून दिला होता. बाबांना सापडला. ‘पाठवायचा विसरलीस वाटतं,’ म्हणत मोठ्या कर्तबगारीने त्यांनी तो पोस्टात नेऊन दिला. उलगडून बघावं, एवढंही सुचलं नाही.

लोकर चांगली होती. मला खोटं लिहिता येत नाही, पेन अडतं. मी तो स्वेटर उकळला. वर कुकरमध्ये घालून वाफ दिली. उभी हयात इस्पितळात शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या बाईला वाफेने लोकरीचं काय होतं ते ठाऊक नव्हतं, असं नाही. ठाऊक होतं. तरी झाकण लावलं.

आता उभी असशील तर बस.

गेल्या वर्षी माझ्या पोटरीवरचा तीळ काढला, तेव्हा ‘किरकोळ आहे’ म्हणाले होते. किरकोळ नव्हता. कर्करोग होता. आता त्याच जागेभोवती गाठी आल्या आहेत, मटारच्या दाण्याएवढ्या.

डॉक्टर तुझ्याच वयाची आहे. म्हणाली, “मॅडम, या गाठींत आपण विषाणू टोचणार आहोत.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम.”

ओठाच्या कडेला फोड आणतो ना, त्याच जातीचा विषाणू. प्रयोगशाळेत त्याच्यात फेरफार करून त्याला माणसाळवलेला. निरोगी पेशींत त्याचं फारसं चालत नाही. कर्करोगाच्या पेशीत मात्र शिरतो, तिथे वाढतो आणि ती पेशी फोडून बाहेर पडतो. त्या गडबडीने शरीरातले झोपलेले पहारेकरीही जागे होतात, असं ती म्हणाली. बाबांनी लगेच तोंड उघडलं, “म्हणजे काट्याने काटा काढायचा!” मी म्हटलं, “तुम्ही गप्प बसा, पाय माझा आहे.” जन्मभर ज्या जंतूंना वाफेवर मारलं, त्यांच्याच हातापाया पडायची वेळ आली माझ्यावर.

टोचलं की रात्री थंडी वाजून ताप येतो. बाबा पांघरूण घालतात आणि म्हणतात, “पाहुणे कामाला लागले वाटतं.” पट्टी तेच बदलतात. हातमोजे उलटे घालतात, मग माझं ऐकून घेतात, मग सुलटे घालतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या पायाची एवढी काळजी त्यांनी कधी घेतली नव्हती. हे त्यांना सांगू नकोस, शेफारतील.

पहिल्याच दिवशी डॉक्टर म्हणाली होती, “गरोदर बाईचा किंवा तान्ह्या बाळाचा या पट्टीला, जखमेला हात लागता कामा नये.” मी तेवढंच ऐकलं. पुढचं काही कानात शिरलंच नाही. घरी आले तर स्वेटर खुर्चीवर पडलेला, माझ्याच हातांनी विणलेला. म्हणून तो कुकरमध्ये गेला. म्हणून तुला ‘येणार नाही’ म्हटलं, कारण न देता. कारण दिलं असतं, तर तू तशीच पोट सांभाळत धावत आली असतीस आणि आल्या आल्या मिठी मारली असतीस. तुला दूर लोटायची ताकद माझ्यात नव्हती. म्हणून आधीच लोटलं.

गेल्या आठवड्यात टोचून घ्यायला गेले, तेव्हा तिथल्या सिस्टरला स्वेटरची गोष्ट सांगितली. ही पूर्वी माझ्याच हाताखाली होती, मला टरकून असायची. आता पोट धरून हसली. “मॅडम, कपडे नेहमीसारखे धुवा. लेकीकडे खुशाल जा. जखम नीट झाकलेली ठेवा, लेकीला पट्टीला हात लावू देऊ नका, तुमचे हात धुवा. आता हात धुणं मी शिकवू तुम्हाला?” मी डॉक्टरलाही विचारलं. तिनेही तेच सांगितलं. पहिल्या दिवशीही सांगितलं होतं म्हणे.

दोन गाठी बसल्या आहेत. एक हटून बसली आहे, माझ्या वळणावर गेलेली. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, डॉक्टर वचन देत नाही. वचन देणाऱ्या डॉक्टरवर मी विश्वास ठेवलाही नसता.

भीती वाटते, ठमे. हे बाबांनाही सांगितलेलं नाही. गाठीची वाटते तेवढी वाटतेच. पण त्याहून जास्त, बाळ मला लांबूनच बघायला मिळेल, याची वाटत होती.

नवा स्वेटर सुरू केला आहे. पाठ झाली, एक बाही झाली. पट्टी झाकायला लांब पायघोळ पायजमेही शिवून घेतले आहेत. आजवर तुला हुकूमच सोडत आले, आज विचारते : मी येऊ का?

हा कागद उकळलेला नाही. खुशाल छातीशी धर.

तुझी
आई