वाकळ काही वाढेना

१२ फेब्रुवारी १९८३, उदगीर

वाकळ परवापेक्षा आज कमीच! डोळे फुटले का माझे? परवा मी स्वतः टाक्यांच्या सात ओळी घातल्या. आज मोजते तर तीन!

आत्याबाई समोर बसून सुईत दोरा ओवत होत्या. चेहरा असा, की पूजेलाच बसल्यात.

१४ फेब्रुवारी

कळलं. सासूच उसवून राहिली!

लातूर जिल्हा झाला आणि ह्यांची बदली नव्या कचेरीत झाली. सहा महिने झाले, हे तिथं खोली घेऊन एकटे. लग्नाला दीड वर्ष, त्यातलं अर्धं वर्ष मी इथं न् नवरा तिथं! सगळ्यांनीच तिकडं जायचं ठरलं, तर आत्याबाईंनी आडकाठी घातली — "आमच्या माहेरी अर्धी वाकळ शिवेबाहेर नेत न्हाईत. आधी ही पुरी होऊ द्या." आणि ही वाकळ म्हणजे केवढी! चार माणसं आडवी झोपतील.

मामंजी बिचारे रोज ओरडतात. "आवरा की लवकर! जिल्ह्याच्या गावाला ऱ्हायला नशीब लागतंय." शेजारच्या चांगुणाबाईंना तर सामान बांधलं म्हणून सांगूनही आले. बांधलंय काय? एक पितळी तांब्या.

१ मार्च

आड आटला. टँकर दिवसाआड, घराला दोन घागरी. मामंजींच्या दुकानात आधी दोरखंड लई खपले — पाणी खोल गेलं की दोर वाढवायला लागायचे. आता पाणीच नाही, मग दोर कशाला? दुपारपर्यंत नुसते गल्ल्यावर बसून असतात. येणारे-जाणारे मात्र थांबतात, दोन शब्द बोलतात.

दिवसभर जीव घागरीत अडकलेला. पण वाकळ मांडीवर घेतली की बरं वाटतं. सुई खाली, सुई वर. तहानसुद्धा विसरते. हा तुकडा आत्याबाईंच्या इरकलीचा, हा माझ्या शाळेच्या परकराचा. शिवता शिवता आत्याबाई कानडीत काहीतरी गुणगुणतात. गोड गळा आहे बाईचा! पण उसवते ना!

९ मार्च

आज पोती शिवायचा जाड दोरा घातला. टाक्याटाक्याला गाठ. बघू आता!

११ मार्च

गाठी कापल्या! सगळ्या! आणि दोरा नीट गुंडाळून कोनाड्यात ठेवलेला. चोरी ती चोरी, वर टापटीप!

२० मार्च

ह्यांची जुनी पट्ट्यापट्ट्यांची विजार अगदी मधोमध लावली. म्हटलं, लेकाची विजार बघून तरी आईला पाझर फुटेल. आत्याबाई म्हणाल्या, "नाडी तरी काढायची की गं." बस. एवढंच!

२ एप्रिल

ह्यांचं कार्ड. "इथंही पाणी नाही. तरी तू ये." तीनदा वाचलं. मग चौथ्यांदा. मला जायचंय. मला माझ्या नवऱ्यापाशी जायचंय, एवढं साधं आहे!

९ एप्रिल

तोंड फुटलंच आज. मी म्हणाले, "आत्याबाई, यायचं नसलं तर नाही म्हणा. उसवता कशाला?"

त्या सुई टाकून उठल्याच. "अय्यो! मी? मला वाटलं तूच उसवून राहिलीस! तुझं माहेर हितनं दोन कोसावर, म्हून तुझा पाय निघंना!"

"मी? मी तर रात्रंदिवस लातूर लातूर करते!"

"मग मी काय येडी हाय का, सोताचेच टाके तोडाया?"

दोघी एकमेकींकडं बघतच राहिलो. मग असं हसू फुटलं की आत्याबाईंना ठसका लागला. माझ्या वाटणीचं पाणी त्यांना पाजलं.

१० एप्रिल

"चांगुणाबाईकडं जाऊन येतो," म्हणून मोठ्यानं सांगून निघालो. परसदारानं परत आत. कणगीमागं दोघी! आत्याबाईंनी बांगड्या पदरात गच्च धरलेल्या. मला हसू आवरेना, त्यांनी चिमटा काढला.

भर दुपारी दुकान बंद करून मामंजी आले. कडी लावली. चष्मा पुसला. वाकळ मांडीवर घेतली आणि दाढीच्या ब्लेडनं टाका टाका कापत बसले. कापडाला धक्का न लावता. दोरा बोटाला गुंडाळत होते. स्वतःशीच बोलत होते — "हितं मानसं सांच्याला थांबून इचारतेत, गुरुबसप्पा, बरं हाय ना? तिथं कोन वळखनार मला? पोराची खोली... मी कुटं बसू दिवसभर?"

आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. हसत नव्हत्या. मीही नव्हते.

मला राग आला. खोटं कशाला लिहू? दोन महिने मी बोटं भोसकून घेतली! ओरडून बाहेर यावं असं वाटलं. पण ते डोळे पुसायला थांबले, आणि पुन्हा ब्लेड उचललं. मग पाय उचललेच नाहीत.

१२ एप्रिल

ह्यांचं कार्ड. एकच शब्द — "कधी?"

जेवताना मामंजी गरजले, "झाली का गं शिवकांता वाकळ? आपला अण्णा तिकडं लातुरात वाट बघून राहिला!" आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "होतीय, मामंजी." मग चुलीपाशी जाऊन रडले.

१५ एप्रिल

मामंजींचा चष्मा सकाळी फुटला. आजच्या चार ओळी मी उसवल्या.