उघडा पाय

१२ फेब्रुवारी, सोमवार, दुपार

प्रिय ताई,

खुशाल असशील. भाऊजींचा गुडघा काय म्हणतोय? आई छान आहे. जेवायला नको म्हणते आणि दोनदा वाढून घेते. हात नीट न धुताच लिहायला बसलेय, तेव्हा कागदावर माती दिसली तर रागावू नकोस. साबण शोधायचाही धीर नाही मला.

आपल्या चर्चमधली बाळ येशूची मूर्ती मला करायला मिळालीय. इतकी वर्षं बागेतली सिमेंटची बदकं करून करून मीच बदकासारखी चालायला लागले होते.

फादरना मुकुट घातलेलं, दोन बोटं उचलून आशीर्वाद देणारं बाळ हवं होतं. मीही तसंच सुरू केलं. पण जितकं करावं तितका तो ठेंगणा राजाच दिसायला लागला, बाळ काही दिसेना. शेवटी मुकुट काढला, हात खाली घेतला, आणि मग काय सांगू, बोटं थांबेचनात. मानेच्या वळ्या आल्या, दूध ओघळून साचतं तिथल्या. तट्ट भरलेलं पोट आलं. तोंड उघडलं ते जांभईच देऊन. मी एकटीच हसत होते.

फादर बघायला आले. वाकून बाळाच्या उघड्या तोंडात डोकावले. मग म्हणाले, "देव जांभई देतो का गं?"

"खरंच माणूस झाला असेल तर देणारच की, फादर. नाहीतर नुसतं सोंग झालं."

ते खो खो हसले आणि रविवारच्या प्रवचनासाठी माझं वाक्य मागून घेतलं. म्हणजे गेलंच ते.

देव माणूस झाला, आपल्यात राहिला, हे लहानपणापासून तोंडपाठ होतं. पण त्याला दात येताना ताप आला असेल, कुणीतरी त्याला खांद्यावर घेऊन घरभर फिरलं असेल, हे माती हातात असताना कळलं. इतका आनंद झाला ताई, की मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

एवढं लिहिलं, तरी सांगायचं ते राहिलंच आहे.

काल आई मला चहा द्यायला कामाच्या खोलीत आली. मूर्तीपाशी गेली, आणि आपल्या शालीच्या टोकाने बाळाचा डावा पाय झाकायला लागली. अर्धवट झाकला आणि तिचा हात थांबला. तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. डावा पाय दुपट्याबाहेर, अंगठा वर ताणलेला. कितीही गुंडाळलं तरी तो पाय बाहेर यायचाच ना? तू म्हणायचीस, ह्याला कुठे जायची एवढी घाई आहे.

मी ठरवून केलं नाही गं. हातांनी परस्पर केलं.

आई म्हणाली, "आपला गोटू." चार वर्षांत ह्या घरात ते नाव कुणी घेतलं नव्हतं. ती रडली, मग हसली, आणि आज सकाळपासून दोनदा बघून गेलीय.

त्याला पुरलं त्या दिवशी तू फादरना म्हणालीस, तुमच्या देवाला काय कळतंय माझ्या बाळाचं. त्यानंतर तू चर्चची पायरी चढली नाहीस.  मला एवढंच वाटतं, की त्या देवालाही असा पाय होता, त्याच्या आईनेही तो सारखा झाकला असेल. आणि शेवटी तिलाही आपलं लेकरू जपता आलं नाही.

पुढच्या शुक्रवारी प्लास्टरचा साचा घ्यायचाय. साचा झाला की आतली माती खरवडून काढतात, मग बदल करता येत नाही. तुला नको असेल तर चिमूटभर माती लावून दुपटं खाली ओढेन. आईची समजूत मी काढीन. तुला विचारल्याशिवाय तुझ्या लेकाला वेदीवर नेणार नाही.

फोन करू नकोस. फोनवर आपण हवापाण्याचंच बोलतो. ये, आणि हात लावून बघ.

माती सुकू नये म्हणून रोज ओलं फडकं पांघरते. पायावरून ते सारखं घसरतं. मी पुन्हा पांघरते.

वाट बघतेय,
गोटूची मावशी