लांडगा, कोकरू आणि मी

पप्पा, जुन्नरच्या आपल्या ओसरीवर तुम्ही मला बायबलातल्या जुन्या इब्री संदेष्ट्यांची शांतीची वचनं शिकवायचात. मला सगळी पाठ होती. तुम्ही म्हणायचात, "उच्चार नीट कर." बस, तेवढंच.

मग ती आली. येडगावची मेंढपाळीण, बाजाराच्या दिवशी घोंगड्या विकायला आलेली. लांडगा कोकराजवळ राहील, हे तुम्ही वाचत होता. ती दारातच थबकली. "गुरुजी, मंग लांडग्याचं पोट कशानं भरंल?"

तुम्ही म्हणालात, "सिंहसुद्धा कडबा खाईल, असं पुढं लिहिलंय."

"आन् आमच्या मेंढरांनी काय खायाचं?"

तुम्ही चष्मा काढून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. माझ्या कुठल्याच बोलण्यावर तुम्ही असे हसला नव्हता. त्यानंतर ती दर बाजाराला यायची, आणि तुम्ही मला चहा ठेवायला सांगायचात.

एकदा उसातल्या बिबट्यानं तिची तीन कोकरं नेली. त्या दिवशी ती रडत आली. "तुमचं ते वचन कवा खरं व्हनार, गुरुजी?" मी आत दुधापाशी उभी. तुम्ही पुस्तक मिटलंत. मग म्हणालात, "मला माहीत नाही गं." तुमचाही आवाज ओला झाला होता. मला तुम्ही कायम उत्तरं दिलीत, पप्पा. माहीत नाही असं एकदाही म्हणाला नाहीत. त्या दिवशी मी तिचा जेवढा हेवा केला, तेवढा आयुष्यात कुणाचा केला नाही.

शेवटच्या आजारपणात तुम्ही म्हणालात, "तिला निरोप धाड." तिचा कळप तेव्हा आळे गावच्या शेतात बसला होता, एसटीनं जाता येईल इतक्या जवळ. मी म्हटलं, "धाडलाय." धाडला नव्हता. दोन दिवस तुम्ही दाराकडे बघत राहिलात, आणि गेलात.

महिन्यानं ती आली. "गुरुजींनी माजी आठवन काढली व्हती का?"

"नाही," मी म्हणाले.

ती माझ्या शेजारी येऊन बसली. मग माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तुमी व्हता ना जवळ. लई झालं."

ती अजून येडगावला आहे. मागच्या आठवड्यात मी स्टँडपर्यंत गेले आणि परत आले. तिला खरं सांगितलं, तर तुम्ही आणखी थोडे तिचे व्हाल. ते मला अजूनही सोसत नाही.